पौषातला चंद्रोदय, माघातला उपास

पौष वद्य चतुर्थी, गुरुवार

बँकेने यांना निवृत्तीनंतरही डायरी पाठवली. पाने कोरी राहून वाया जायला नकोत म्हणून मी लिहायला घेतली. हिशेबाची वही वेगळी आहे, पण तिथे मनातले लिहायला सदर नाही.

मनातले असे की केयूरने नोकरी सोडली. खराडीच्या त्या काचेच्या इमारतीत जाणे त्याला सोयीचे पडावे म्हणून आम्ही नारायण पेठ सोडून येरवड्याला आलो. कुठे राहता असे विचारले की 'येरवडा' म्हणावे लागते, आणि पेठेतले लोक गंभीर चेहऱ्याने 'किती वर्षांसाठी?' विचारतात. आता नोकरी गेली, येरवडा राहिले.

सोडली कशासाठी, तर ॲप काढायचे आहे. पंचांगाचे. ज्या मुलाला आज एकादशी आहे हे साबुदाणा परतल्याचा वास आल्यावर कळते, तो आता जगाला तिथी सांगणार. भागीदार म्हणून उत्कर्षा नावाची मुलगी आहे, लातूरकडची. तिनेही नोकरी सोडली. आमच्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवर मांडी घालून बसते आणि चहा दोनदा घेते. 'मी देव मानत नाही, काकू,' म्हणाली. मग पंचांग कशाला काढतेस, विचारले. 'वेळा बरोबर असायला देव मानावा लागत नाही.' तिच्या आईवडिलांनी हिला शिकवताना काय काय सोसले असेल, कोण जाणे.

संध्याकाळी केयूरने ते ॲप माझ्या फोनमध्ये घातले. नाव 'तिथीसाथी'. उघडले की गणपतीचे चित्र आणि खाली ठळक अक्षरांत : संकष्टी चतुर्थी, चंद्रोदय रात्री ८.३८. स्वयंपाकघरात भिंतीवर छापील पंचांग टांगलेले आहे, त्याच्याशी ताडून पाहिले. तीच वेळ.

'जुळलं ना?' केयूर.

जुळले. जे भिंतीवर आहे ते फोनमध्ये आणायला दोन इंजिनियर आणि दोन नोकऱ्या खर्ची पडल्या.


पौष अमावास्या, सोमवार

फोनचे नेट मी बंद ठेवते. लागेल तेव्हा सुरू करावे, काम झाले की बंद, नळासारखे. केयूर म्हणतो, 'आई, नेट कायम चालू ठेवायचं असतं.' या पिढीला पंखाही कायम चालू ठेवायचा असतो, खोलीत कोणी नसले तरी. आम्ही घरच्या फोनसाठी सात वर्षे नंबर लावून बसलो होतो. तो आला तेव्हा आळीत पेढे वाटले आणि डायलला कुलूप घातले. ते कुलूप अजून माझ्याकडे आहे. या फोनला बसत नाही, एवढेच दुःख.


माघ शुद्ध पंचमी, शनिवार

सकाळी पोहे केले. बाहेरच्या खोलीत दोघांचे भांडण चालले होते, ते ऐकत हळद जरा जास्त पडली.

भांडणाचा विषय मला समजला तसा लिहिते. चंद्रोदयाच्या वेळा ॲपमध्ये भरलेल्या नसतात. कुठल्यातरी लांबच्या कॉम्प्युटरवरून नेटने येतात. एकदा आल्या की फोन त्या स्वतःजवळ ठेवून घेतो, म्हणजे दरवेळी आणायला नकोत. या साठ्याला ही मुले कॅश म्हणतात. साठ्याला मुदत असते. ती संपली की नवे आणायचे. आता मुदत संपली आणि नेमके त्या वेळी फोनला नेट नसले, तर पडद्यावर काय दाखवायचे?

केयूर म्हणाला, 'जुनं आहे ते दाखव. पडदा कोरा दिसला की लोक ॲप काढून टाकतात.'

'जुनं दाखव, माझी ना नाही,' उत्कर्षा म्हणाली. 'पण जुनं आहे असं त्यावर लिही.'

'आपणच आपल्या मालाला शिळा म्हणायचं?'

'मग कोण म्हणणार? शेजारचा दुकानदार?'

मी बशा ठेवता ठेवता म्हटले, 'पाहुणा आला की डब्यात असेल ते पुढे करावं. चकली मागच्या महिन्यातली आहे असं सांगत बसतं का कोणी?'

केयूर टाळी वाजवून हसला. 'बघ! आईला लोक कळतात.'

उत्कर्षाने एक घास घेतला. मग 'पोहे छान झालेत, काकू' म्हणाली. हरल्यावर पोह्यांकडे वळायचे, एवढे शहाणपण तिच्याकडे आहे हे मान्य करायला हवे.


माघ शुद्ध एकादशी, शुक्रवार

देवळाचे बद्रीनाथ आणि सुशीलाबाई येऊन गेले. पलीकडच्या सोसायटीत राहतात. मूळचे बार्शीचे. ते कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाल्यावर कोपऱ्यावरच्या गणपतीच्या देवळाचे ट्रस्टी झाले. पेठेत ट्रस्टी व्हायला तीन पिढ्या लागतात. इथे टेम्पोभर फरशी दिली की होते.

पण आज त्यांना दुसऱ्यांदा चहा विचारला, कारण देवळाचे उत्सव, आरत्या, चंद्रोदय असे सगळे केयूरच्या ॲपवर टाकायचे त्यांच्या मनात आहे. केयूरचे पहिले गिऱ्हाईक. 'माघाच्या संकष्टीनंतर आठवड्यानं, रविवारी ट्रस्टची मीटिंग हाय. तवा सही करून टाकू,' म्हणाले.

सुशीलाबाईंनी आत स्वयंपाकघरात येऊन सांगितले ते वेगळे. त्यांची लेक पूर्णिमा बाळंतपणाला आली आहे. आठवा लागला. याआधी दोनदा पाचव्यातच गेले. म्हणून सुशीलाबाईंनी एकवीस संकष्ट्या बोलल्या आहेत, पाणीसुद्धा न पिता, चंद्र उगवल्यावरच सोडायच्या. 'एकोणीस झाल्या, मंदाताई. आता दोन. डाक्टर काय बी म्हनू द्या, मला धाकधूक न्हाई. माझं बोलणं थेट वर चालू हाय.'

देवाशी बोलण्यात सुद्धा या लोकांना जोर लागतो. आम्ही पुटपुटतो.


माघ वद्य चतुर्थी, शनिवार

आज अक्षर वाकडे येते आहे.

बद्रीनाथ बार्शीला लग्नाला गेलेत. एरवी सुशीलाबाई देवळातल्या आरतीवर उपास सोडतात, पण आज पूर्णिमाला एकटी टाकून कशा जाणार? बारीक अक्षर त्यांना लागत नाही. आठला त्यांचा फोन आला. 'मंदाताई, तुमच्या केयूरच्या ॲपात बघून येळ सांगा की.'

तुमच्या केयूरच्या ॲपात. हे तीन शब्द ऐकून मी पंचांगाच्या भिंतीकडे गेलेच नाही. तिथे हे खुर्ची टाकून पेपर वाचत होते, त्यांना उठवावे लागले असते हेही खरे. फोन उघडला. गणपती, ठळक अक्षरे, ८.३८. मी ऐटीत सांगितले. 'आठ अडतीस, सुशीलाबाई. अगदी मिनिटासकट.'

मोदक उकडून झाले, ताट वाढले, यांना उठा म्हटले. हे पेपर घडी करत भिंतीकडे बघून म्हणाले, 'घाई कसली? नऊ सत्तावीसला आहे.'

पाहिले. नऊ सत्तावीस. आठ अडतीस पौषातली होती.

लगेच सुशीलाबाईंना फोन लावला. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

'झालं की!' माझ्याआधी त्याच बोलल्या. 'आत्ताच पानी प्याले, दोन घास खाल्ले. विसावी झाली बघा. तुमच्या केयूरचं कल्याण होऊ दे, मंदाताई. लेकरानं कामाची गोष्ट केली.'

मी म्हटले, 'हो.' मग म्हटले, 'पूर्णिमाला जपा.' आणि ठेवला.

आम्ही नऊ सत्तावीसला नैवेद्य दाखवला. यांना मोदक आवडले.


माघ वद्य पंचमी, रविवार

सकाळी केयूरला फैलावर घेतले. त्याने माझा फोन हातात घेतला, दोनदा बोट फिरवले आणि न्यायाधीशासारखा म्हणाला, 'आई, तुझं नेट महिनाभर बंद आहे. नवी वेळ येणार कशी?'

म्हणजे चूक माझी. चंद्रोदय चुकला, आरोपी सापडली, तीही येरवड्यातच. उत्तम.

उत्कर्षा रविवार असून आली होती. ती म्हणाली, 'नाही केयूर. नेट बंद ठेवायचा त्यांना हक्क आहे. मुदत संपलेली वेळ आपण नवी असल्यासारखी दाखवली. चूक आपली.'

पोरगी माझी बाजू घेते आहे याचा मला केयूरपेक्षा जास्त संताप आला. तिला कोणी वकीलपत्र दिले होते?

मग कोणाला सांगितलीस ही वेळ, असे केयूरने विचारले. सुशीलाबाईंना, म्हटल्यावर त्याचा चेहरा उतरला. 'आई, त्यांना बोलू नकोस. बद्रीनाथकाका पुढच्या रविवारी सही करतायत. मग काय ते बोल.'

हे आतून म्हणाले, 'गणपतीला घड्याळ नसतं. भाव असतो.' यांचा भाव मला ठाऊक आहे. मोदकाचा आकडा ते कधी विसरत नाहीत.

उत्कर्षाने विचारले, 'काकू, तुम्हाला काय वाटतं?'

मी म्हटले, 'मला वाटतं चहा गार होतोय.'


माघ वद्य सप्तमी, मंगळवार

केयूरने दुरुस्ती केली म्हणे. आता मुदत संपली की काहीच दिसत नाही. मला दाखवले : गणपतीचे चित्र आणि खाली पांढरे. देव आहे, चंद्र गायब. 'आता खोटं तर नाही ना?' म्हणाला.

उत्कर्षाला हेही पटत नाही. तिचे म्हणणे, वेळ दाखवा आणि ती कधीची आहे तेही सांगा, मग माणूस स्वतः ठरवेल. 'काही न बोलणं म्हणजे खरं बोलणं नव्हे,' असे ती म्हणाली. केयूरला म्हणाली. मी तांदूळ निवडत होते, माझ्याकडे बघायचे काही कारण नव्हते.

देवपूजेला आज वेळ लागला. अथर्वशीर्ष मध्येच अडकले, चाळीस वर्षांत प्रथमच. थंडीने घसा बसला असावा.


माघ वद्य दशमी, शुक्रवार

भाजी आणायला निघाले तर सुशीलाबाई वाटेत भेटल्या. पूर्णिमाच्या पायावर सूज आहे, रक्तदाब वाढला, डॉक्टरीणबाईंनी झोपून राहायला सांगितले. त्या मात्र हसत होत्या.

'मी भीत न्हाई हो. वीस झाल्या न्हवं? एकच राहिली. तो बघतोय.'

वीस. हा आकडा त्यांनी दोनदा म्हटला. एकदा माझ्याकडे बघून, एकदा आभाळाकडे बघून. मी दोन्ही वेळा पिशवीत बघितले.

या बायकांचे श्रद्धेचे प्रकरण मला कधी समजले नाही. इतका विश्वास ठेवायचा, तोही दुसऱ्याने फोनवर सांगितलेल्या वेळेवर! स्वतः गच्चीवर जाऊन बघायला काय झाले होते? चाळीस जिने नव्हते चढायचे. असे मी घरी येऊन यांना म्हटले. यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा लावला. बँकेत यांना याच्यासाठीच पगार मिळत असावा.


माघ वद्य द्वादशी, रविवार

घडले ते क्रमाने लिहिते.

ट्रस्टची मीटिंग अकराला होती. केयूर इस्त्रीचा शर्ट घालून सातपासून तयार. मी नऊला चप्पल घातली. 'कुठे?' त्याने विचारले. मटार द्यायला, म्हटले. काल मंडईतून जास्त आणले होते. मी जास्त आणत नाही हे त्याला ठाऊक आहे. दारात आडवा उभा राहिला.

'आई, प्लीज. दोन तास. फक्त दोन तास थांब.'

'दोन तासांनी वेळ बरोबर होणार आहे का?'

बाजूला झाला. बाप येऊन मागे उभा राहिला म्हणून झाला, की स्वतःहून, ते मला कळले नाही.

सुशीलाबाई खाली बसून शेंगा सोलायलाच लागल्या. पूर्णिमा आत झोपली होती, म्हणून मी हळू आवाजात बोलले. त्या संकष्टीला मी सांगितली ती वेळ पौषातली होती. खरी पाऊण तास पुढे होती. एवढे दोनच वाक्यांत सांगितले. रस्त्यात तयार केलेली बाकीची वाक्ये आली नाहीत.

त्यांचे हात थांबले.

'म्हंजे चंद्र उगवायच्या आधी मी पानी प्याले?'

'हो.'

'तुमाला कवा कळलं?'

या प्रश्नाची तयारी मी केली नव्हती. खोटे सुचलेही होते, अगदी ओठावर.

'तुम्हाला फोन केला, त्याच्या आधी.'

'मी तुमच्या केयूरचं कल्याण चिंतत हुते तवा?'

'हो.'

त्यांनी एक शेंग उचलली, सोलली. आत चार दाणे होते. मग दुसरी. मला वाटले होते रडतील, शिव्या देतील. बार्शीच्या शिव्या भक्कम असतात असे ऐकून होते, त्या खायची तयारीही केली होती. नुसत्या शेंगा सोलणाऱ्या बाईपुढे काय करायचे असते हे मला कोणी शिकवलेले नाही. मीही सोलायला बसले.

ढीग बराच संपल्यावर म्हणाल्या, 'मग ती धरायची न्हाई. पयलीपासनं परत.'

'अहो, पण एकवीस! पूर्णिमा तर येत्या महिन्या-दोन महिन्यांत...'

'पोर झाल्यावर काय देव लागत न्हाई व्हय? तवा तर जास्त लागतोय.' आणि मग माझ्याकडे सरळ बघून, 'येळ तुमीच सांगा, मंदाताई. मला अक्षर लागत न्हाई. पन आधी कवा बघितली ते सांगायचं. मग येळ.'

आतून बद्रीनाथ बाहेर आले. टोपी हातात होती. सगळे ऐकले असणार, भिंती पातळ आहेत. 'मीटिंग व्हईल,' म्हणाले. 'सही न्हाई आज. पोराला सांगा, नेट बंद करून ॲप दाखव मला पुढच्या संकष्टीला. मग बघू.'

मटार तिथेच राहिले.


महाशिवरात्र, मंगळवार

केयूर दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. आज रताळ्याचा कीस पुढे ठेवला तेव्हा बोलला : 'एक वाक्य, आई. तुझ्या एका वाक्याने चार महिन्यांचं काम गेलं.' मी म्हटले, कीस गार होतोय. या घरात सगळे मोठे प्रश्न गार होतात.

उत्कर्षा आली. उपास नसताना रताळे खाल्ले. मग दोघे पुन्हा बसले. आता पडद्यावर वेळेच्या वर एक पट्टी घालायची, वेळ जुनी असेल तर. केयूर म्हणाला, फिकी करू, बारीक अक्षरात. ती म्हणाली, पिवळी, मोठ्या अक्षरात. 'सुशीलाबाईंना वाचता येईल एवढी.'

केयूरने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. मग 'किती मोठी?' असे विचारले.

तिसरा चहा मीच दिला. न विचारता. पातेल्यात उरला होता, टाकायचा कशाला?


फाल्गुन वद्य चतुर्थी, रविवार

मधले दिवस लिहिले नाहीत. लिहिण्यासारखे नव्हते. पूर्णिमाची सूज उतरली, थोडी बसायला लागली आहे. ते आपोआप झाले की औषधाने, यावर सुशीलाबाई काही म्हणत नाहीत. आज त्यांची पहिली.

सकाळी केयूर आणि उत्कर्षा बद्रीनाथांकडे जाऊन आले. त्यांनी नेट बंद करून ॲप उघडायला लावले, पट्टी मोठ्याने वाचली, मग सुशीलाबाईंना वाचायला लावली. त्यांनी लांब धरून, एकेक अक्षर करत वाचली म्हणे. सही झाली का, असे मी विचारले नाही. केयूरने येताना पेढे आणले नाहीत, मंडईतून मटार आणले. पाऊण किलो, महाग. बाजार त्याला कधी जमणार नाही.

संध्याकाळी माझा फोन उघडला. माघ संपताना केयूरने नवे ॲप घालायला सुरू केले तेवढेच, एरवी नेट बंदच होते, मी बदललेली नाही. गणपती, आणि त्याच्या खाली पिवळीधमक पट्टी, ठळक अक्षरांत : ही वेळ माघातल्या संकष्टीची आहे. आजची हवी असेल तर नेट चालू करा.

माझ्या घरात, माझ्या फोनमध्ये, मला हुकूम. पण चालू केले. पट्टी गेली, आकडा बदलला. मग स्वयंपाकघरात गेले, यांना खुर्चीवरून उठवले आणि भिंतीवर पाहिले. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

सुशीलाबाईंना फोन लावला.

'मंदाताई व्हय? कवा बघितली?'

'आत्ता.'

'कशात?'

'फोनमध्ये आणि भिंतीवर. दोन्हीकडे.'

पलीकडे पूर्णिमाने काहीतरी विचारले, त्यांनी तिला 'थांब' म्हटले.

'बरं,' मग म्हणाल्या, 'आता सांगा.'